ताईचे कोरडे डोळे आणि पोस्टातल्या बाईंचा होकार

आमची ताई रडकी नाही, हे मी आधीच सांगून टाकते. लहानपणी गुडघे फुटले तरी तिच्या डोळ्यांतून टिपूस निघायचं नाही. बाबा गेले तेव्हासुद्धा आधी सगळ्यांचं आवरलं, मग बाथरूमची कडी लावून काय रडायचं ते रडली आणि तोंड धुऊन बाहेर आली. घरात रडायचं खातं माझ्याकडे. त्यामुळे हीच ताई पंचक्रोशीत 'फार हळव्या मनाची बाई' म्हणून कशी काय गाजली, असं कुणी मला विचारलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आम्हा दोघी बहिणींचं केसांचं दुकान आहे. दोन खुर्च्या, दोन आरसे, मागे केस धुवायचं बेसिन आणि त्याच्या पलीकडे पडदा लावून केलेली चहाची जागा. पहिली खुर्ची ताईची, दुसरी माझी. ताईच्या खुर्चीसाठी बायका तासन्‌तास थांबतात. माझ्या खुर्चीवर ज्यांना घाई आहे त्या बसतात. मला त्याचं काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण आता सवय झालीय.

आमच्या धंद्यात समोरासमोर बोलणं नसतं. गिऱ्हाईक आरशात बघतं, आपणही आरशात बघायचं आणि बोलत राहायचं. तोंडावर जे बोलवत नाही ते माणूस आरशाला बिनधास्त सांगतं. त्यामुळे बायका यायच्या केस कापायला आणि जायच्या मन मोकळं करून. ताई सगळं ऐकून घेते, पण स्वतः मोजकंच बोलते. तिला काय वाटलं ते आरशातल्या तिच्या चेहऱ्यावरून ओळखायचं, अशी आमच्या गिऱ्हाइकांची जुनी रीत. 'ताईंनी भुवई उडवली, मी तो सोफा घेतलाच नाही,' असं सांगणाऱ्या बायका मी स्वतः पाहिल्यात.

आता डोळ्यांचं सांगते. शाळेत ताईला जाड भिंगांचा चष्मा होता. इतका जाड, की तिचे डोळे आत कुठेतरी लांब बसल्यासारखे दिसायचे. पोरं तिला 'दुर्बीण' म्हणायची, आणि नुसती म्हणायची नाहीत, तर हाताच्या मुठी डोळ्यांना लावून तिच्या मागे मागे चालायची. मी दोघांना बदडलं होतं, पण सगळ्यांना कुठे पुरी पडणार? पहिला पगार हातात आला तशी ताईनं कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या. त्या दिवसापासून तिला चष्म्यात पाहिलेली माणसं म्हणजे मी आणि दाजी. दाजी अजून सांगतात, 'लग्नाआधी मला पत्ताच नव्हता. पहिल्या सकाळी उठलो तर शेजारी एक शास्त्रज्ञ बसलेली!'

सकाळी उठलं की लेन्स डोळ्यांत, त्या झोपताना बाहेर. वर्षानुवर्षं तक्रार नाही. डोळ्यांत काही घातलंय हेच ती विसरून जायची.

पन्नाशी उलटली आणि गाडं फिरलं. पाळी थांबली, जिना चढताना गुडघे कुरकुरायला लागले आणि दुपार झाली की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायला लागलं. लेन्स चिकटायची, नजर धूसर व्हायची आणि मग एकदम घळाघळा पाणी. त्यात आमचं काम असं, की दिवसभर तोंडासमोर ड्रायरचा गरम वारा, वरून स्प्रेचा फवारा. आणि कात्री हातात असली की ताई पापणीसुद्धा लववत नाही. मी म्हटलं, "ताई, डोळे दाखवून घे." तर म्हणे, "काही नाही गं, केस गेला असेल." रोज केस! एवढे केस खरंच गेले असते तर एव्हाना डोळ्यांत वेणी घालता आली असती.

बरं, पाणी यायचं ते नेमकं दुपारी, आणि दुपारी यायच्या त्या निवांत बोलणाऱ्या बायका. बेकरीवाल्या काकूंचं मांजर हरवलं होतं. त्या आरशात बघून सांगतायत, आणि मागे ताईच्या गालांवरून धारा! काकूंना गहिवरून आलं. "माझ्या घरच्यांनीसुद्धा एवढं मनाला लावून घेतलं नाही हो!" पुढच्या आठवड्यात त्या आपल्या जावेला घेऊन आल्या. जाऊ सासूबद्दल बोलली, ताईच्या डोळ्यांत पाणी. एक नर्सबाई बदलीबद्दल बोलल्या, ताईच्या डोळ्यांत पाणी. एकजण तर बिचारी नव्या पडद्यांबद्दल सांगत होती. ताईचे भरलेले डोळे बघून गप्पच झाली, आणि घरी जाऊन पडदे बदलून आणले. म्हणाली, "एवढा वाईट रंग होता तर आधीच कुणी बोललं का नाही?"

गर्दी वाढली. ताईच्या खुर्चीसाठी आधीपासून दिवस ठरवून घ्यायला लागल्या बायका. काही तर केस कापण्यासारखे नसतानाही यायच्या.

मी एकदा पडद्यामागे ताईला गाठलं. "अगं, खरं काय ते सांगून टाक ना एकदाचं!"

"काय सांगू? माझे डोळे म्हातारे झाले, लेन्स सोसत नाहीत, असं सांगू? डॉक्टरकडे गेले की ते म्हणणार चष्मा लावा. म्हणजे मी परत दुर्बीण." तिनं कपातला चहा ढवळला. साखर मघाशीच विरघळली होती. "आणि त्या काकूंना काय सांगू? तुमच्या मांजरासाठी रडलेच नव्हते म्हणून? किती बरं वाटलं होतं त्यांना."

यावर मी तिच्या हातातला कप घेऊन विसळायला लागले. मी न सांगता कप विसळते म्हणजे मुद्दा बिनतोड असणार, एवढं समजून घ्या.

आता येतात पोस्टातल्या बाई. पोस्टात खिडकीवर बसायच्या, आता निवृत्त झाल्यात. आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. बाई एकदम ताठ. फुकटचा सल्ला देणाऱ्याला खिडकी बंद झाल्यासारखा चेहरा दाखवायच्या. पण ताईवर त्यांचा भारी विश्वास. पोस्टातली बढती नाकारून इथेच राहायचं, हेही त्यांनी ताईच्या आरशासमोर ठरवलं होतं.

बाईंचं हातातलं घड्याळ सारखं बंद पडायचं. पडलं की त्या मागच्या गल्लीतल्या घड्याळवाल्यांकडे जायच्या. घड्याळवाले विधुर, हळू बोलणारे, शर्टाच्या खिशाला कायम एक छोटा स्क्रूड्रायव्हर. ते घड्याळ उघडायचे, बघायचे, बंद करायचे, आणि तेवढ्यात दोघांच्या पोटभर गप्पा व्हायच्या. घड्याळात काही बिघाड नाही, हे त्यांनाही ठाऊक आणि बाईंनाही. बाकी आख्ख्या गल्लीला तर केव्हाच ठाऊक होतं.

त्या दुपारी बाई ताईच्या खुर्चीवर होत्या. अर्धे केस वाळवून झाले होते. बाई म्हणाल्या, "ताई, जरा तो ड्रायर बंद करा." ताईनं केला. बाईंनी एप्रनखाली हात जुळवून घट्ट धरले, ते मला कडेनं दिसत होतं.

"घड्याळवाल्यांनी मला विचारलंय. लग्नाचं." बाई लाल झाल्या. आमच्या बाई, लाल! "या वयात. लोक काय, हसतील चार दिवस. पण तुम्ही सांगा ताई. हो म्हणू का?"

मी शेजारच्या खुर्चीवर एका मुलीच्या कपाळावरचे केस कापत होते. माझी कात्री जागच्या जागी थांबली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आणि ताईलाही झाला होता, हे तिनं नंतर शपथेवर सांगितलं. ती 'अहो बाई' म्हणून तोंड उघडणार, तेवढ्यात तिची उजवी लेन्स सरकली आणि वरच्या पापणीखाली जाऊन बसली. ज्यांना हे झालंय त्यांना विचारा काय वाटतं ते. ताईनं डोळे गच्च मिटले. दोन्ही डोळ्यांतून पाण्याचे लोट. लेन्स जागेवर यावी म्हणून तिनं मान जोरजोरात हलवली, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग तोंडावर हात दाबला आणि पडद्यामागे पळाली.

आता आरशात बघत बसलेल्या बाईनं काय समजावं, तुम्हीच सांगा.

"बाई, थांबा, तिला ना..." असं मी म्हणेपर्यंत बाईंनी स्वतःच्या हातानं एप्रन सोडला, अर्ध्या ओल्या केसांवर स्कार्फ बांधला. "कळलं मला," एवढंच म्हणाल्या. मी कात्री घेऊन दारापर्यंत धावले, तर बाई बसमध्ये चढतायत. मागे ती मुलगी ओरडतेय, "माझी एकच बाजू झालीय!"

लेन्स काढून, डोळे पुसून ताई बाहेर आली तेव्हा खुर्ची रिकामी. "येतील उद्या, तेव्हा सांगते," म्हणाली. बाई आल्या नाहीत. "फोन कर," मी म्हटलं. "फोनवर असं कसं सांगायचं?" "मग जा त्यांच्याकडे." "जाते." जाते, जाते म्हणत आठवडा गेला.

आणि मग घड्याळवाले आले. आमचं भिंतीवरचं घड्याळ त्यांच्याकडे दुरुस्तीला होतं, ते द्यायला. घड्याळ टांगलं, पण ते निघेनात. चेहरा पार उतरलेला.

"ताई, एक विचारू? राग नका मानू." खिशाचा स्क्रूड्रायव्हर काढून ते परत खिशाला लावत होते. "बाई मला नाही म्हणाल्या. म्हणाल्या, 'ताई माणसं ओळखतात, आणि त्यांना रडू आलं. तुमच्याबद्दल त्यांना काहीतरी ठाऊक असणार.' मी आठवडाभर आठवतोय. माझ्या हातून असं काय झालंय? तुम्हाला ठाऊक असेल तर सांगून टाका, निदान मलाही कळू दे."

ताईचा चेहरा पांढराफटक.

"तुमच्या हातून काही झालेलं नाही," ती म्हणाली. "चूक माझी आहे. मी निस्तरते." बिचारे घड्याळवाले काही न कळता मान डोलवत गेले.

ते गेले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "निस्तरणार कशी? केस गेला होता म्हणून सांगणार? एक दुर्बीण म्हणतील या भीतीपायी दोन माणसांचं जमलेलं मोडलंस तू! चल, ऊठ." भर दुपारी दुकानाला कुलूप घातलं आणि तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ओढत नेलं म्हणणार होते, पण खरं सांगायचं तर ती माझ्या पुढे चालत होती.

डॉक्टर म्हणजे अगदी तरुण मुलगी, आमची लेक शोभेल एवढ्या वयाची. तिनं यंत्रातून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "तुमचे डोळे कोरडे पडलेत."

"कोरडे?" ताईला वाटलं ती थट्टा करतेय. "अहो, माझा रुमाल पिळून दाखवू का?"

"कोरडे पडलेत म्हणूनच पाणी येतं," डॉक्टर हसली. डोळ्यावर म्हणे अश्रूंचा पातळ थर असतो आणि तो उडून जाऊ नये म्हणून वर तेलाचा थर. ते तेल पापण्यांच्या कडेतून येतं. वय वाढलं की ते नीट येईनासं होतं, पाळी गेलेल्या बायकांना तर हा त्रास जास्तच. मग ओलावा टिकत नाही, लेन्स कोरड्या डोळ्यावर घासते, डोळा वैतागतो आणि एकदम पाणी सोडून देतो. पण ते नुसतं वाहून जातं, उपयोग काही नाही. "आणि त्यात तुमचा तो ड्रायर," ती म्हणाली. "शिवाय काम करताना तुम्ही पापण्या मिटत नसणार."

"म्हणजे लेन्स कायमच्या गेल्या?" ताईचा आवाज इतका बारीक मी पहिल्यांदाच ऐकला.

"असं कोण म्हणालं? आधी डोळ्यांना जरा विश्रांती द्या. काही आठवडे चष्मा. रोज कोमट कापडानं पापण्यांना शेक आणि हे कृत्रिम अश्रूंचे थेंब. मग रोज नवी घालून टाकून द्यायच्या लेन्स मिळतात, त्या बघू. पण दिवसभर नाही, थोडा वेळ. ड्रायर चालवताना चष्माच."

"कृत्रिम अश्रू!" जिना उतरताना ताई म्हणाली. "बघ, रडूसुद्धा बाटलीत मिळतं. मी उगाच एवढी वर्षं जपून ठेवलं." आणि हसली. तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

नवा चष्मा मिळायला अवकाश होता. घरी होता तो जुना, जाडा, झोपतानाचा. ताई घरी गेली, लेन्स काढून डबीत ठेवल्या, तो चष्मा नाकावर चढवला आणि तशीच रस्त्यावर आली. उजेडात! चारचौघांत! वाटेत दुकान उघडून आत गेली, बाहेर आली तेव्हा हातात एक पिशवी. मी विचारलं, "पिशवीत काय आहे?" तर म्हणे, "तू चल."

बाईंची खोली दुसऱ्या मजल्यावर. एक पलंग, एक टेबल, आरशाचं कपाट, खिडकीत ओळीनं लावलेल्या कुंड्या. बाईंनी दार उघडलं आणि ताईकडे बघतच राहिल्या. आवाज ओळखीचा, चेहरा अनोळखी.

ताईनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. लेन्स, वाळू, पापणीखाली गेलेली ती मेली उजवी लेन्स, सगळं. "मी तुमच्यासाठी रडले नव्हते. मान हलवली ती नाही म्हणायला नव्हती."

बाई ऐकत होत्या, पण चेहरा खिडकी बंद झालेला. "तुम्ही चांगल्या आहात ताई. माझं मन राखायला सांगताय. डोळे कोरडे म्हणून पाणी येतं, असं कुठे असतं का?"

तशी ताईनं पिशवीतून ड्रायर काढला. आमचा दुकानातला, मोठा. भिंतीवरच्या प्लगला लावला, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि ड्रायर सुरू करून थेट स्वतःच्या तोंडावर धरला. "अगं, डॉक्टर काय म्हणाली!" मी किंचाळले. पण ऐकतेय कोण? ताई डोळे उघडे ठेवून उभी, आणि थोड्याच वेळात डोळे लालभडक होऊन गालांवरून पाणी वाहायला लागलं, ते थेट हनुवटीपर्यंत.

"हे बघा," ती ड्रायर बंद करून म्हणाली. "आता मी कुणासाठी रडतेय? तुमच्या कपाटासाठी?"

मग बाईंच्या घशातून एक चमत्कारिक आवाज आला आणि त्या हसायलाच लागल्या. पलंगावर बसल्या, पोट धरून हसल्या. मी हसले. ताई नाक पुसत हसली. शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर थाप मारली.

हसू ओसरल्यावर बाईंची नजर सवयीनं कपाटाच्या आरशाकडे गेली. तिथे ताई उभी दिसत होती. "मग ताई," त्या आरशाला म्हणाल्या, "काय करू मी?"

"आरशात नको," ताई म्हणाली. तिनं माझ्याकडून चष्मा घेऊन डोळ्यांवर चढवला आणि बाईंच्या समोर पलंगावर बसली. गुडघ्याला गुडघा लागला. "इकडे बघून विचारा."

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. त्या जाड भिंगांमागच्या लाल डोळ्यांत. "हो म्हणू का?"

"म्हणा. आजच म्हणा. तो माणूस आठवडाभर स्वतःचे गुन्हे आठवत बसलाय."

बाईंनी चपला घातल्या. "घड्याळ दाखवून येते," म्हणाल्या आणि आमच्या आधी जिना उतरून गेल्या. घड्याळ टेबलावरच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ताई दुकानात चष्म्यात उभी राहिली, आणि ज्या बाईनं विचारलं तिला खरं ते सांगितलं. बेकरीवाल्या काकू फुगल्या. "म्हणजे माझ्या मांजराच्या वेळी?" ताई म्हणाली, "मांजराच्या वेळी निम्मं खरं होतं." काकूंनी निम्म्यावर समाधान मानलं. पडदेवाली मात्र बरेच दिवस बोलत नव्हती. पण गंमत अशी, की निम्म्याअधिक बायका म्हणाल्या, "अगं बाई, माझंही असंच होतं! मला वाटलं मलाच काहीतरी झालंय." थोड्याच दिवसांत प्रत्येकीच्या पर्समध्ये थेंबांची बाटली. आमच्या दुकानात आता नवऱ्यांपेक्षा डोळ्यांवर जास्त बोलणं होतं. दुर्बीण? एकीनंही म्हटलं नाही. एवढी वर्षं ती पोरं फक्त ताईच्याच डोक्यात मागे मागे चालत होती.

लग्न नोंदणी कचेरीत झालं. सकाळी ताईनं चष्मा लावून बाईंचे केस केले, मग चष्मा काढून त्या रोजच्या रोज टाकायच्या नव्या लेन्स घातल्या. डॉक्टरांनी तेवढी परवानगी दिली होती. "टोचतायत का?" मी वाटेत विचारलं. "कुठे काय? आहेत हेसुद्धा कळत नाहीये," ती म्हणाली. पापण्या मात्र आठवणीनं मिटत होती, अगदी शहाण्या मुलीसारखी.

घड्याळवाल्यांनी सही केली. बाईंनी सही केली, पोस्टात करायच्या तशी, ठसठशीत. आणि मी शेजारी बघते तर ताईच्या डोळ्यांतून पाणी.

"लेन्स, लेन्स!" बेकरीवाल्या काकू ओरडल्या. नर्सबाईंनी पर्स उघडली, पडदेवालीनं उघडली, काकूंच्या जावेनं उघडली. चारी बाजूंनी ताईसमोर थेंबांच्या बाटल्या. "मान वर कर गं!" "आधी उजव्या डोळ्यात!" ताई बिचारी 'अहो नाही, अहो नाही' म्हणतेय, पण ऐकतंय कोण?

गलका ऐकून बाई वळल्या. बाटली त्यांच्या हातातही आली होती. ताईच्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिच्या डोळ्यांत नीट बघितलं. मग बाटली पर्समध्ये परत टाकली आणि आपला रुमाल काढून तिच्या हातात दिला.

आणि आमची ताई, बाथरूमची कडी लावून रडणारी आमची ताई, भर कचेरीत त्यांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. मीही रडले. मला कुणी थेंब विचारले नाहीत. मी रडकीच आहे, ते सगळ्यांना माहीत आहे.